बढती नव्हे, दुसरीच नोकरी

१८ जानेवारी २०२५ रोजी डेट्रॉईट लायन्स हा अमेरिकन फुटबॉलमधील संघ बाद फेरीत, स्वतःच्याच मैदानावर, वॉशिंग्टन कमांडर्सकडून ४५-३१ असा हरला. साखळीतील १७ पैकी १५ सामने जिंकलेल्या संघाचा हा पराभव डेट्रॉईटकरांच्या जिव्हारी लागला. पण त्याहून मोठा धक्का पुढच्या चार-पाच दिवसांत बसायचा होता. संघाच्या आक्रमणाचे सूत्रधार बेन जॉन्सन शिकागो बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बचावाचे सूत्रधार एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे. एकाच संघात, एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या, डॅन कॅम्पबेल यांच्या, हाताखाली काम केलेले हे दोघे एकाच आठवड्यात आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पदावर गेले. वर्षभरानंतरचा हिशेब असा : जॉन्सन यांच्या बेअर्सने ११ सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले, ग्लेन यांच्या जेट्सला १७ पैकी अवघे तीन सामने जिंकता आले.

यशस्वी समन्वयकाने मुख्य प्रशिक्षकपदाच्या मागे लागावे का, हा प्रश्न अमेरिकेत दर जानेवारीत नव्याने विचारला जातो. हंगाम संपला की अपयशी प्रशिक्षकांना नारळ दिला जातो आणि मालकमंडळी यशस्वी संघांच्या समन्वयकांकडे धाव घेतात. जॉन्सन आणि ग्लेन यांच्या दोन तऱ्हांनी हा प्रश्न सुटला नाही. तो मुळात चुकीच्या पद्धतीने विचारला जातो, एवढे मात्र त्यातून दिसले.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की जो खेळ डोळ्यांसमोर येतो, त्याचा या खेळाशी फारसा संबंध नाही. येथे मैदानावर प्रत्येकी अकरा खेळाडू असले, तरी चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे वेगळे आणि प्रतिस्पर्ध्याकडे असताना खेळणारे वेगळे. ५३ जणांच्या चमूत खरे तर दोन स्वतंत्र संघच नांदत असतात. त्यातल्या एकेका विभागाचा जो प्रमुख, तो 'कोऑर्डिनेटर'. समन्वयक हा त्याचा मराठी अनुवाद तसा फसवाच. कारण तो समन्वय कमी आणि युद्धनीती जास्त करतो. दोन चालींमध्ये साधारणपणे ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढची चाल निवडायची आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, शिरस्त्राणातील रेडिओवर ती सांगायची. १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद पडतो. ज्याचे डोके या वेळेत आणि या दडपणाखाली चालते, तो उत्तम समन्वयक.

मुख्य प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे आहे. नुसते मोठे नव्हे, वेगळे. वीसहून अधिक साहाय्यक निवडायचे, त्यांच्यातले रुसवेफुगवे निस्तरायचे, कोणत्या खेळाडूला ठेवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे यावर महाव्यवस्थापकाशी वाद घालायचा, मालकाची मर्जी सांभाळायची, दर आठवड्याला पत्रकारांना सामोरे जायचे आणि पराभव कोणाच्याही चुकीने झाला असला तरी तो आपल्या नावावर लिहून घ्यायचा. चाली आखण्याचा या कामांशी संबंध किती? कॅन्सस सिटी चीफ्सला तीन सुपर बोल जिंकून देणारे अँडी रीड १९९९ मध्ये प्रथम मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ते ग्रीन बे पॅकर्सच्या क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक होते. समन्वयकपद त्यांनी या लीगमध्ये कधी भूषवलेच नव्हते. उत्तम फलंदाज उत्तम कर्णधार असतोच असे नाही, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत नेतृत्व केले आणि त्यातल्या चारच जिंकल्या.

असे असूनही मालक समन्वयकांनाच का निवडतात? कारण समन्वयकाचे काम आकड्यांत दिसते. २०२४ च्या साखळीत जॉन्सन यांच्या आक्रमणाने ५६४ गुण केले. लीगमध्ये त्या वर्षी इतके गुण कोणाचेही नव्हते. माणसे सांभाळण्याचे कौशल्य मात्र मुलाखतीच्या टेबलावर मोजता येत नाही. मग जे मोजता येते, त्यालाच पात्रता मानण्याची सोय होते.

जॉन्सन यांचे वेगळेपण त्यांनी पुढे काय केले यापेक्षा आधी काय केले नाही यात आहे. २०२२ मध्ये ते लायन्सचे आक्रमण समन्वयक झाले आणि पहिल्याच हंगामानंतर त्यांचे नाव चर्चेत आले. जानेवारी २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सला त्यांच्यात रस होता. त्यांनी माघार घेतली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनची मंडळी त्यांच्या मुलाखतीसाठी विमानाने डेट्रॉईटकडे निघाली असताना ते लायन्समध्येच राहणार असल्याची बातमी आली. तेव्हा टीका झालीच. मुलाखती द्यायच्या आणि आयत्या वेळी मागे फिरायचे, याला काहींनी धरसोड म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये लायन्स सुपर बोलच्या उंबरठ्यावरून परतले होते. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असताना सामना ३१-३४ असा गेला होता, आणि अपुरे राहिलेले काम पूर्ण करण्याचे ते सबळ निमित्त होते. पण निमित्तामागे हिशेबही होताच. पद मिळते का, यापेक्षा कोणते मिळते, हे महत्त्वाचे आहे हे त्यांनी ओळखले होते.

शिकागोत त्यांना काय दिसले? २०२४ मध्ये संघाने पाचच सामने जिंकले होते आणि त्या हंगामात क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स तब्बल ६८ वेळा चेंडूसह पाडला गेला होता. वरवर पाहता हे आगीतून फुफाट्यात जाणे होते. परंतु विल्यम्स हा त्याच वर्षीच्या खेळाडू निवडीत पहिला घेतलेला, गुणी आणि तरुण खेळाडू होता. रोग प्रतिभेत नव्हता, त्याच्यापुढच्या भिंतीत होता. ती भिंत दुरुस्त करण्यासाठी महाव्यवस्थापक रायन पोल्स यांनी जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन असे तीन अनुभवी खेळाडू बाहेरून आणले. सुरुवात तरीही वाईट झाली. पहिला सामना हातातून निसटला आणि दुसऱ्यात खुद्द लायन्सने ५२-२१ असा धुव्वा उडवला. डेट्रॉईटमध्ये त्या दिवशी आनंदाला पारावार नव्हता. पुढे मात्र चित्र पालटले. जानेवारी २०२६ मध्ये बाद फेरीत बेअर्सने परंपरागत वैरी ग्रीन बेला ३१-२७ असे हरवले आणि त्यानंतर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध जादा वेळेत ते हरले.

ग्लेन यांनी निवडलेले पद याच्या अगदी उलट होते आणि निवडीमागचे कारण समजण्यासारखे होते. १९९४ मध्ये जेट्सनेच त्यांना खेळाडू म्हणून घेतले, आठ हंगाम ते तेथे खेळले. जुन्या घरचे बोलावणे आले. पण त्या घराची अवस्था काय होती? २०१० च्या हंगामानंतर हा संघ बाद फेरीत पोहोचलेला नाही. २०२४ च्या हंगामात पाच सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षकाला आणि नोव्हेंबरमध्ये महाव्यवस्थापकाला काढण्यात आले. भरवशाचा क्वार्टरबॅक नव्हता. जस्टिन फील्ड्स याला आणले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला बाकावर बसवावे लागले. त्याच महिन्यात बचावफळीतील दोन मोठी नावे, सॉस गार्डनर आणि क्विनेन विल्यम्स, दुसऱ्या संघांना देऊन टाकण्यात आली. स्वतः ग्लेन एके काळी प्रतिस्पर्ध्याचा पास हवेतच झेलण्यात वाकबगार होते. त्यांच्या संघाला संपूर्ण हंगामात असा एकही झेल घेता आला नाही. लीगच्या इतिहासात हे प्रथमच घडले. डिसेंबरमध्ये बचावाचे समन्वयक स्टीव्ह विल्क्स यांना दूर करण्यात आले. आता यावरून ग्लेन यांची लायकी नव्हती असे म्हणणारे म्हणतीलच. त्यांच्या जागी दुसरा कोणी किती सामने जिंकला असता, हे मात्र कोणी सांगत नाही.

या विषयावरचा सर्वांत बोलका दाखला स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांचा आहे. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने साखळीत ५८९ गुणांचा तेव्हाचा विक्रम केला होता आणि सलग १८ सामने जिंकून हा संघ सुपर बोलमध्ये उतरला होता. फेब्रुवारी २००८ मधील त्या सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सचे बचाव समन्वयक असलेल्या स्पॅग्नुओलो यांनी त्यांना १४ गुणांवर रोखले. टॉम ब्रेडी पाच वेळा पाडला गेला, जायंट्स १७-१४ असे जिंकले आणि स्पॅग्नुओलो यांच्यासाठी दरवाजे उघडले. २००९ मध्ये ते सेंट लुईस रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. आधीच्या दोन हंगामांत मिळून या संघाने पाच सामने जिंकले होते. मालकीणबाईंचे २००८ मध्ये निधन झाले होते आणि संघ कोणाच्या हाती जाणार याचा निकाल २०१० पर्यंत लागला नाही. अशा घरात नव्या कारभाऱ्याने काय करायचे? पहिल्या वर्षी एक विजय, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी दोन. ४८ पैकी ३८ पराभव खात्यावर घेऊन ते बाहेर पडले. दुसऱ्या वर्षी अखेरचा सामना जिंकला असता, तर गटाचे विजेतेपद मिळाले असते आणि कदाचित सारेच बदलले असते, हेही येथे नोंदवायला हवे.

पुढची काही वर्षे त्यांनी हालाखीत काढली. २०१२ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांच्या बचावाने एका हंगामात सर्वाधिक यार्ड देण्याचा विक्रम केला. मग २०१९ मध्ये अँडी रीड यांनी त्यांना कॅन्सस सिटीत बोलावले आणि समन्वयक म्हणून त्यांना आणखी तीन सुपर बोल मिळाले. दोन वेगवेगळ्या संघांसाठी समन्वयक म्हणून ही किमया साधणारे ते पहिलेच. मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरलेला हा माणूस आज आपल्या कामातला सर्वश्रेष्ठ मानला जातो. तेव्हा सेंट लुईसला जाणे ही चूक होती का? त्या तीन वर्षांचे पैसे मिळाले, अनुभव मिळाला. पण पूर्ण मुदतीचे मुख्य प्रशिक्षकपद पुन्हा वाट्याला आले नाही. २०१७ मध्ये जायंट्सचे चार सामन्यांचे हंगामी पद, एवढेच.

डिक लबो यांचीही हीच कथा. सिनसिनाटीत मुख्य प्रशिक्षक म्हणून १२ विजय आणि ३३ पराभव. पिट्सबर्गला समन्वयक म्हणून परतल्यावर दोन सुपर बोल. याउलट बिल बेलिचिक क्लीव्हलंडमधून १९९६ मध्ये हाकलले गेले आणि पुढे त्याच माणसाने न्यू इंग्लंडमध्ये सहा सुपर बोल जिंकले. पहिले अपयश हे अखेरचे नसते, असे सांगणारे हाच दाखला देतात. तो खरा असला, तरी अपवादाचा आहे. दुसरी संधी मिळते ती थोड्यांना, आणि तीही फुकट जाऊ शकते. जॉश मॅक्डॅनियल्स यांना डेन्व्हरने दुसऱ्याच हंगामात काढले. २०१८ मध्ये इंडियानापोलिसने त्यांची नेमणूक जाहीर केली आणि त्याच दिवशी त्यांनी शब्द फिरवला. त्यांच्या भरवशावर तेथे दाखल झालेले साहाय्यक अधांतरी राहिले. चार वर्षांनी लास व्हेगासने त्यांना पद दिले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काढून घेतले. २०२५ मध्ये ते पुन्हा न्यू इंग्लंडमध्ये आक्रमण समन्वयक म्हणून रुजू झाले. नकार द्यायचाच असेल, तर होकारापूर्वी द्यावा, हे जॉन्सन यांना कळले होते.

अर्थात थांबण्याचा सल्ला देणे सोपे असते. समन्वयकाची किंमत गेल्या हंगामावर ठरते. एक क्वार्टरबॅक जायबंदी झाला, एक पळता हंगाम गेला, की कालचा जादूगार आज कोणाच्या गणतीत नसतो. आणि थांबण्याची चैन सगळ्यांना परवडतही नाही. २०१८ ते २०२२ या काळात कॅन्सस सिटीचे आक्रमण समन्वयक असलेले एरिक बिएनेमी यांनी त्या अवधीत दोन सुपर बोल जिंकले, डझनाहून अधिक संघांना मुलाखती दिल्या, पण मुख्य प्रशिक्षकपद त्यांना कोणी दिले नाही. चाली तर रीडच ठरवतात, असे कारण पुढे केले जाई. मात्र रीड यांच्याच हाताखालच्या डग पीटरसन आणि मॅट नॅगी या आधीच्या दोन समन्वयकांना हे कारण आडवे आले नव्हते. ते दोघे गोरे आणि बिएनेमी कृष्णवर्णीय. वर्णभेदावर उतारा म्हणून लीगने २००३ मध्ये 'रूनी नियम' केला. त्याने अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक झाले, नेमणूक नव्हे. ग्लेन हेही कृष्णवर्णीय आहेत. समोर आलेले पद नाकारून पुढच्या जानेवारीची वाट पाहताना त्यांच्यापुढचा हिशेब जॉन्सन यांच्याइतका सोपा नव्हता, हे त्यांच्या निवडीला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले बरे. बिएनेमी २०२५ च्या हंगामात शिकागोत होते. जॉन्सन यांच्या हाताखाली, रनिंग बॅक खेळाडूंचे प्रशिक्षक म्हणून.

राहिले डेट्रॉईट. दोन्ही सूत्रधार गेल्यावर कॅम्पबेल यांनी आक्रमणाची जबाबदारी जॉन मॉर्टन यांच्याकडे सोपवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चाली ठरवण्याचे काम त्यांच्याकडून काढून कॅम्पबेल यांनी स्वतःकडे घेतले. हंगाम ९ विजय आणि ८ पराभवांवर संपला, बाद फेरी हुकली आणि मॉर्टन यांनाही जावे लागले.