'घुमी', 'शिष्ट' की स्वमग्न?

काही बायकांना ठरावीक विशेषणे कायमची चिकटतात. घुमी, शिष्ट, तुसडी, माणूसघाणी. मांडवात डीजे सुरू झाला की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. गप्पांत कधी हसायचे, हे तिला इतरांकडे बघून ठरवावे लागते. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी अंगात त्राण उरत नाही. शहादा तालुक्यातल्या म्हसावदसारख्या गावात अशा एखाद्या पस्तिशीच्या बाईने मोबाइलवर ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची माहिती वाचली आणि 'हे तर माझेच वर्णन' असे तिला वाटले, तर तिने जायचे कुठे?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या ११ मुलांमध्ये मुली फक्त ३ होत्या. पुढे अनेक वर्षे हा प्रामुख्याने मुलग्यांचा प्रश्न मानला गेला. चार मुलग्यांमागे एक मुलगी, असे प्रमाण सांगितले जाई. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर ते तीनास एकच्या जवळ असल्याचे दिसले. याचा अर्थ, बऱ्याच मुली निदानातून सुटत होत्या. अनेक जणी इतरांचे बोलणे, हावभाव पाहून तसेच वागायला शिकतात आणि आपले वेगळेपण झाकतात. त्याची किंमत म्हणजे थकवा, चिंता, नैराश्य. मग उपचार नैराश्यावर होतात आणि मूळ कारण तसेच राहते.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. नजरेला नजर न देणे हे स्वमग्नतेचे एक लक्षण मानले जाते. पण सुनेने खाली मान घालून वावरावे, मोजके बोलावे, ही जिथे अपेक्षा आहे, तिथे हे लक्षण तिच्या गुणांत जमा होते. शाळेत 'शांत मुलगी', सासरी 'मर्यादेची सून'. खटका उडतो तो ती गर्दी, गोंगाट किंवा ठरलेल्या कामातला अचानक बदल सहन करू शकत नाही तेव्हा. त्या वेळी मात्र दोष तिच्या स्वभावाला दिला जातो.

अर्थात, प्रत्येक अबोल बाई स्वमग्न नसते. भिडस्तपणा, चिंता किंवा घरातला छळ यांमुळेही माणूस असे वागू शकते. स्वमग्नतेची लक्षणे लहानपणापासून असतात. म्हणून आई, मोठी बहीण यांच्याकडून बालपणाची हकीकत समजून घेऊन तज्ज्ञालाच निदान करावे लागते. मोबाइलवरची प्रश्नावली फार तर वाट दाखवते, निकाल देत नाही.

पण तो तज्ज्ञ आवाक्यात हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आज पस्तिशीत असलेली बाई तेव्हाच त्या वयाच्या पुढे गेली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि तिला वयाची अट नाही. हक्क प्रौढांनाही आहे. तपासणीची सोय मात्र बहुतांशी मुलांभोवतीच फिरते.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस प्रौढांच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. विचारणारा माणूस अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी जाणणारा असावा आणि प्रश्न लग्नघर, स्वयंपाकघर, बाजार यांतले असावेत. तोवर मनावरचा ताण असह्य झाला, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. मग पस्तिशीत निदानाचा उपयोग काय, असे घरचे विचारतील. उपयोग एवढाच की, गोंगाटातून उठून आत जाणे हा उद्धटपणा नव्हता, हे तिला कळेल आणि घरालाही. अनेक घरांत तेवढ्यानेही रोजची भांडणे कमी होतील.