कन्व्हर्टर नको, गोधड्या पाठवा



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच.. भातलावणी, लाईट, नेट आणि आळस (क्रम आपापल्या सोयीने लावून घ्यावा). पण गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना, झोपताना, फोनवर एकच विषय चालू आहे आणि आता अर्ध्या नातेवाइकांनी त्यात मत दिलेलं आहे. तेव्हा माझं मत एकदाच इथे लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

शेणव्याच्या घरी आमची एक रेकॉर्डिंगची खोली आहे हे बहुतेकांना माहीत आहे. स्टुडिओ म्हणायला थोडा संकोच वाटतो. दहा बाय बाराची खोली, दोन चॅनेलचा इंटरफेस, कॉम्प्युटर, दोन माइक आणि स्पीकरची एक जोडी. गावातलं भजनी मंडळ, पोरांनी केलेली गाणी, कधी एखादा ढोलकीवाला, असं काहीबाही तिथे होतं. आता सामान वाढवायचं ठरलंय. पैसे माझ्या एकट्याचे नाहीत, निम्मे भजनी मंडळाने सप्ताहाच्या शिलकीतून काढलेत. म्हणून विचार जरा जास्तच करावा लागतो.

डोंबिवलीच्या आमच्या भाच्याने यादी पाठवली. वेगळा ए-डी, डी-ए कन्व्हर्टर, आणि सोबत मोठा अ‍ॅनालॉग मिक्सर. बेरीज दीड लाखाच्या पुढे. "मामा, एकदाच काय ते चांगलं घेऊन टाक, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल!" मी म्हटलं, अरे, आधी जमीन बघू, मग अस्मान बघू. त्याला तो विनोद वाटला. मी खरंच तेच म्हणत होतो. जमीन म्हणजे आमचं अर्थिंग आणि अस्मान म्हणजे डोक्यावरचा पत्रा. त्यावर येतोच.

काकू-मावशांसाठी थोडक्यात: माइकमधून येते ती वीज, कॉम्प्युटरला कळतात ते आकडे. वीज मोजून तिचे आकडे करणारं यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हा विचित्र आकडा कुठून आला? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. तिथल्या चित्रातल्या ओळी आणि चित्रांचा वेग यांचा गुणाकार तेवढा भरायचा (२४५ गुणिले ६० गुणिले ३, करून बघा). १९८२ साली सीडी आली ती हाच आकडा घेऊन. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, एका बिटाला साधारण ६ डेसिबल, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं.

आता आमच्या खोलीचा हिशोब. रात्री अकरा वाजता, पंखा बंद, कुत्री गप्प, तरी तीसेक डेसिबलची कुजबुज असतेच. बुवा माइकजवळ अगदी जीव तोडून गायले तरी नव्वदच्या आसपास. म्हणजे आमच्याकडे मोजण्यासारखं जे काही आहे ते ६० डेसिबलमध्ये संपतं. माझा जुना डबा त्याहून कितीतरी जास्त मोजतो. नवीन कन्व्हर्टर १२० मोजेल. मोजू दे की! वरची सगळी जागा रिकामीच राहणार. भाताची एकच गोणी आहे आणि आपण दहा गोण्यांची कणगी विणायला टाकतोय.

अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी एक चाचणी केली होती, २००७ साली ती छापून आली. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा थेट ऐकवायचं आणि एकदा १६ बिट, ४४.१ मधून फिरवून, आणि ओळखा म्हणायचं. ५५४ वेळा विचारलं, त्यात बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. आणखी एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये एकेएम कंपनीच्या कन्व्हर्टर चिपच्या कारखान्याला आग लागली. चिप मिळेनात, तेव्हा कित्येक कंपन्यांनी दुसऱ्यांच्या चिप घालून आपली यंत्रं नव्याने बसवली. त्यानंतरची गाणी ऐकून "काय हो, चिप बदलली वाटतं" असं म्हणणारा श्रोता मला तरी भेटलेला नाही.

मिक्सरबद्दल फार बोलत नाही. त्याचा 'उबदार' आवाज ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा. पण कॉम्प्युटरमधलं मिक्सिंग म्हणजे शेवटी बेरीज आणि बेरीज त्याला येते. 'महल' (१९४९) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात आवाज दुरून जवळ येतो ना, तो परिणाम लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून माइकपर्यंत गात गात चालायला लावून साधला होता. बटण नव्हतं, खोली होती.

आणि खोली हेच तर आमचं खरं दुखणं आहे. आमच्या जुन्या घराला कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या, वर मातीचा गिलावा, खाली शेणाने सारवलेली जमीन (शेणव्यात शेण नसणार तर कुठे!). तिथे कोणी गायलं तर आवाज मऊ यायचा. भिंती खडबडीत, थोड्या हलक्या, आवाज पिणाऱ्या. आता सिमेंटच्या, समोरासमोर, गुळगुळीत. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, "टर्रर्र" असं उत्तर येतं. ते "टर्रर्र" प्रत्येक अभंगात आहे. शिवाय रुंदी दहा फूट आणि उंचीही दहाच फूट, त्यामुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर दोन्हीकडून एकाच जागी फुगतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की कुठे घुमतं, कुठे नुसतीच टपली ऐकू येते, तुम्ही कुठे बसलात त्यावर. हे सगळं दीड लाखाचा कन्व्हर्टर अगदी इमानाने, दशांश चिन्हापुढे आठ घरांपर्यंत मोजून देईल!

स्लॅब गळू नये म्हणून वर पत्र्याची शेड आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यावर जे वाजतं त्याला कुठलंही यंत्र उत्तर नाही. मुंबईला पाणी पाजणारी भातसा-तानसाची धरणं आमच्याच तालुक्यात आहेत, ती काही उगीच भरत नाहीत. :) आणि अर्थिंग म्हणाल तर भिंतीवर तीन पिनांचे सॉकेट आहेत, पण तिसरी पिन भिंतीत जाऊन तिथेच संपते. म्हणून ५० हर्ट्झची ती गुणगुण. आम्ही लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर रेकॉर्डिंग करतो तेव्हा ती कमी होते, यातच सगळं आलं. अंगणात खड्डा, मीठ-कोळसा आणि एक पट्टी, कन्व्हर्टरच्या किमतीचा कोपराही लागत नाही.

पण माझ्या विरोधाचं खरं कारण हे आकडे नाहीत. लग्नात धवले म्हणणाऱ्या बायका आमच्या आसपास आता मोजक्या राहिल्यात. तीन वर्षांत चौघी गेल्या. त्यातल्या एकीचा आवाज कुणीतरी हळदीच्या दिवशी मोबाइलवर घेतला होता, मागे मिक्सरमध्ये खोबरं वाटल्याचा आवाज आहे, आणि तेवढाच तो उरलाय. उरलेल्या दोघींपैकी एकीला आता एका दमात ओळ पुरत नाही. भाचा म्हणतो, थोडं थांब, सामान येऊ दे, मग नीट करू. अरे पण कोणासाठी थांबायचं?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. पुढे बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर आले आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. ते २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतंय. बायकांच्या घरात जाऊन केलेलं ते काम आहे. मी ते कित्येक रात्री ऐकलंय, आणि यासाठी कन्व्हर्टर कुठला वापरला असेल हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ती बाई काय म्हणते, याच्याकडेच लक्ष जातं.

भाच्याचं सगळंच चूक आहे असं नाही हं. दोन चॅनेल आम्हाला खरंच पुरत नाहीत. बुवा, पेटी, पखवाजाच्या दोन बाजू आणि मागचे टाळकरी, एवढं दोन माइकमध्ये कोंबलं की टाळ सगळ्यांना खाऊन टाकतात, आणि मग नंतर काहीच वेगळं करता येत नाही. तेव्हा आठ चॅनेलचा साधा, चालू कंपनीचा इंटरफेस घ्यायचा, वापरलेला मिळाला तर उत्तमच. दोन माइक वाढवायचे. अर्थिंग करून घ्यायचं. कोपऱ्यांत जाड रॉकवूल भरून वर कापड मारायचं, कारण खालचे सूर गोधडीला जुमानत नाहीत. त्या "टर्रर्र"ला मात्र गोधडी पुरते. पेंढ्याची सूचनाही आली होती (थोरले काका), पण उंदीर आणि आग, दोन्ही नकोत.

एवढं करून निम्म्याहून जास्त पैसे उरतात. त्यातून पेट्रोल आणि बायकांच्या बुडालेल्या रोजाचे पैसे. त्या दोघींना खोलीत आणायचं नाही, आपण त्यांच्या ओटीवर जायचं, जुना डबाच घेऊन. तो बॅटरीवर चालतो. एकीने सांगितलंय, "भात झोडून होऊ दे रे बाबा, मग ये." म्हणजे दिवाळीच्या नंतर.

तर ठाणे, कल्याण, मुरबाडकडची मंडळी, माळ्यावर जुन्या, जाड, आजीच्या हातच्या गोधड्या पडल्या असतील तर कळवा. डझनभर लागतील. फाटक्या चालतील, उंदरांनी कुरतडलेल्याही चालतील. मी आसनगाव स्टेशनवर येऊन घेऊन जाईन.