विमानातली भूक आणि शेजारची नजर

ऑगस्टचा पहिला आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. आमच्या रुग्णालयात तेव्हा फलक लागतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनी पथनाट्य करतात आणि सांगायचे ते सगळे सांगून होते: जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान, सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ. घराबाहेर पडल्यावर बाळाला कुठे आणि कसे पाजायचे, हे मात्र त्या फलकांवर नसते. तो प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, बहुधा लसीकरणाला आल्यावर. ‘मॅडम, पुढच्या आठवड्यात विमानाने जायचंय. प्रवासापुरता पावडरचा डबा लिहून देता का?’

सरकारी रुग्णालयात विमानाचा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, ही रीत आपल्याकडे टिकून आहे. सासर मात्र आता शेजारच्या तालुक्यात राहिलेले नाही. कुणाचा नवरा सैन्यात, जम्मूला किंवा आसामात. कुणाचा बंगळूरूला नाहीतर गुरुग्रामला कंपनीत. अडीच-तीन महिन्यांचे बाळ घेऊन रेल्वेत दोन रात्री काढण्यापेक्षा घरचे लोक पैसे जमवून विमानाचे तिकीट काढतात. कित्येकींचा तो आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास असतो. विमानाची भीती त्यांना फारशी नसते. भीती असते ती बाळ भुकेने रडायला लागले तर सगळ्यांसमोर काय करायचे याची.

डबा मी लिहून देत नाही, आणि त्याचे कारण हट्ट नव्हे. दोन-तीन वेळा वरचे दूध दिल्याने एखाद्या धडधाकट बाळाचे काही बिघडत नाही, हे खरेच आहे. अडचण अशी की प्रवासापुरता घेतलेला डबा प्रवासापुरता राहत नाही. फोडलेला डबा संपवायचा असतो. त्यावर बाळ जास्त वेळ झोपते, असे कुणीतरी घरात म्हणते. इकडे स्तनातले दूध जेवढे ओढले जाईल तेवढेच तयार होत असते. बाळ कमी वेळा अंगावर घेतले की दूध कमी होते, आणि कमी झाले की डबा आणखी जवळचा वाटतो. महिन्याभरात पुढचा डबा परवडेनासा झाला की पावडर एक चमचा कमी पडते आणि पाणी तेवढेच राहते. बाटली उकळायचा कंटाळा होतो. गेल्या पावसाळ्यात साडेतीन महिन्यांचे एक बाळ जुलाबाने सुकून आमच्या वॉर्डात आले. बाटली कधीपासून सुरू केली, असे आईला विचारले, तर तिचे उत्तर होते, ‘विमानापासून.’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर असल्याचे दिसले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. सुधारणा चांगली आहे. तरी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाळांना सहा महिन्यांच्या आतच दुसरे काहीतरी दिले जाते. पावडरच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण इथे जाहिरात लागतच नाही. ते काम लाज करते.

ही लाज म्हणजे निव्वळ मनाचा खेळ आहे असे समजू नये. दूध तयार करणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन आणि ते बाहेर आणणारे ऑक्सिटोसिन. दुसऱ्याच्या कामाला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे: पान्हा. बाळाने ओढले, बाळाचा वास आला, कधी नुसते त्याचे रडणे ऐकले तरी पान्हा फुटतो. भीती, वेदना, संकोच यांनी तोच पान्हा अडतो. दूध स्तनात असते, पण उतरत नाही. बाळ दोनदा ओढून तोंड सोडते, किंचाळते, आई आणखी घाबरते. शेजाऱ्याला वाटते, दूधच नाही बिचारीला. दूध आटले की आजीबाई ‘नजर लागली’ म्हणत. त्यातली मीठ-मोहऱ्यांची बाजू मला मान्य नाही, पण तीन आसनांच्या रांगेत कोपराला कोपर लावून बसलेल्या अनोळखी माणसाची रोखलेली नजर पान्हा अडवू शकते, हे शरीरशास्त्र आहे.

विमानात ही अडचण इतर कुठल्याही जागेपेक्षा मोठी असते. बसमधून पुढच्या थांब्यावर उतरता येते, रेल्वेत वरचा बर्थ असतो, बायकांचा डबा असतो. विमानात पट्ट्याचा दिवा लागला की जागेवरून उठताही येत नाही. अंगावर पदर नसतो, जीन्स आणि टॉप असतो. समोरच्याच्या हातात मोबाइल असतो आणि तो नेमके काय टिपतो आहे ते कळत नाही. आणि नेमके त्याच वेळी, म्हणजे विमान खाली उतरायला लागल्यावर, बाळाला पाजण्याची सर्वांत जास्त गरज असते.

ती का, हे थोडे सविस्तर सांगते. विमान कितीही उंच गेले तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. उतरताना तो वाढत जातो. कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठी माणसे गोळी चघळतात. बाळाची नळी अरुंद आणि आखूड असते, सर्दी असेल तर सुजलेलीही असते, आणि त्याला ‘गिळ’ असे सांगून ते गिळणार नाही. ते गिळते फक्त दूध पिताना. म्हणजे उतरत्या विमानात रडणाऱ्या बाळाला अंगावर घेणे ही त्याची भूक आणि कानाचे दुखणे या दोन्हींवरची सोय आहे. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून तयारीत राहावे. बाळाचा पट्टा आईच्या पट्ट्यात अडकवलेला असतानाही बहुधा पाजता येते. चढतानाच केबिन कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे.

प्रवासाला निघणाऱ्यांना आणखी थोडे. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून आईने पाणी प्यावे. शौचालयाला उठायला नको म्हणून कित्येकी तहान मारतात, तसे करू नये. बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी नको. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असते. काढलेले दूध न्यायचे असेल तर बाळाच्या दुधाला सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सवलत असते आणि तपासणीच्या क्ष-किरणांनी ते खराब होत नाही. पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकते. बाळ झोपून राहावे म्हणून सर्दीचे सिरप पाजून नेणारे पालक मी पाहिले आहेत. हे अजिबात करू नका. एवढ्या लहान जिवाचा श्वास मंदावू शकतो. आणि विमानाच्या शौचालयात नेऊन पाजणे नको. आपण स्वतः तिथे बसून जेवणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की कक्ष बांधा. त्यात आपला महाराष्ट्र मागे नाही. एसटी स्थानकांवरच्या स्तनपान कक्षाला आपण हिरकणीचे नाव दिले. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची ती कथा. कक्ष हवेतच, स्वच्छ आणि उघडे हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्हे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांना तिथल्या कक्षातल्या धुळीची तक्रार करावी लागली. आमदाराची ही स्थिती, तर इतरांचे विचारायला नको.

पण मला कक्षाबद्दल वेगळीच काळजी वाटते. कक्ष झाला की ‘कक्ष आहे ना, मग इथे कशाला?’ हा प्रश्न मागोमाग येतो. मोठ्या विमानतळांवर बाळांसाठी खोल्या आहेत. बाळाची भूक मात्र प्रवेशद्वार क्रमांक पाहून लागत नाही, आणि पस्तीस हजार फुटांवर कुठलाही कक्ष नसतो. खोली ही आईची सोय आहे. तिने ती वापरलीच पाहिजे अशी अट कुणी घालू नये. पांघरुणाचेही तसेच. जिला ओढणीआड बरे वाटते तिने जरूर घ्यावी. पण कुणी न मागता ब्लँकेट पुढे केले, की त्याचा अर्थ तिला बरोबर कळतो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनच्या विमानतळावर, बाळाला पाजणाऱ्या आणि ब्लँकेट नाकारणाऱ्या एका आईला विमानातून उतरवण्यात आले. पुढच्याच महिन्यात तिथल्या अनेक विमानतळांवर आया बाळांना पाजत बसल्या. तो त्यांचा निषेध होता. जुलै २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीने, इतर प्रवाशांना खटकू नये म्हणून आईला झाकून घ्यायला सांगितले जाऊ शकते, असे जाहीरपणे म्हटले आणि जगभरातून टीका ओढवून घेतली. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याने सार्वजनिक ठिकाणी पाजणाऱ्या आईला संरक्षण आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने, सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी स्तनपान करण्याला कलंक मानू नये, असे म्हटले आहे. विमान कंपन्यांनी एवढ्यावरून एक सोपी गोष्ट करावी: तान्हे बाळ घेऊन चढणाऱ्या आईला आसन दाखवतानाच सांगावे की तुम्ही इथे बसून बाळाला केव्हाही पाजू शकता. सुरक्षेच्या सूचना सांगतात त्याच स्वरात. एवढ्या एका वाक्याने शेजारच्यालाही कळते.

आता काही जण शालीनतेचा मुद्दा काढतील. तो काढणाऱ्यांना विचारावेसे वाटते की ऊसतोड मजुरीण बांधावर बसून बाळाला पाजते, आठवड्याच्या बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता पाजते, तेव्हा आपली शालीनता कुठे असते? तिथेही रोखून पाहणारे असतात, ते सगळे सोवळे होते असे मी म्हणणार नाही. पण तिथे बाळाचे पिणे थांबवा असे कुणी म्हणत नाही. हा आक्षेप भरभक्कम तिकीट काढलेल्या, शिकलेल्या माणसांना वातानुकूलित हवेत सुचतो.

नवऱ्यांसाठीही एक सूचना. खिडकीची जागा तिला द्या आणि मधल्या आसनावर स्वतः बसा. पिशवी, दुपटे, पाण्याची बाटली तुमच्या हातात असू द्या. सासूबाई सोबत असतील तर ‘पुढे घेऊ गं, आता नको’ असे त्यांनी म्हणण्याआधी तुम्ही ‘घे तू’ म्हणा. आणि रांगेत तिसरे असाल, तिच्याशी काही नाते नसेल, तर करायचे फारच थोडे असते. पुस्तक वाचा, खिडकीबाहेर बघा, डोळे मिटा. एकटक पाहू नये, तसेच अंग चोरून, तोंड वेंगाडून दुसरीकडे पाहण्याचे नाटकही करू नये. तेही तिला दिसते. अगदीच अवघड वाटत असेल तर केबिन कर्मचाऱ्यांकडे आपली जागा बदलून मागावी. तिची नाही.