पासिंगची गाडी आणि घाटाची गाडी

मे महिना सरत आला की महाड-पोलादपूरच्या गॅरेजांसमोर पिकअप गाड्यांची गर्दी होते. कुणाच्या केबिनमध्ये पाणी गळते, कुणाचा वायपर अडतो, कुणाला ताडपत्री बांधण्यासाठी हौद्याला नव्या कड्या जोडून हव्या असतात. पावसाची ही तयारी गरजेचीच आहे. पण यातल्या किती गाड्यांचे ब्रेक ऑइल बदलले जाते, हे एखाद्या मिस्त्रीला विचारून पाहावे. कमी झाले असेल तर वरून भरतो, एवढेच उत्तर बहुधा मिळेल. गाडी आठ-दहा वर्षांची असेल, तर कंपनीतून आली त्या दिवसाचे ऑइल अजून तिच्या नळ्यांत असू शकते. आणि याच गाडीला आंबेनळी घाट उतरायचा असतो.

या दोन तालुक्यांची भूगोलानेच कोंडी केली आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी, महाडहून भोरला वरंध आणि खेडच्या अंगाला कशेडी. कशेडीच्या डोंगराला आता बोगदा झाला आहे, पण बाकीच्या दोन घाटांना पर्याय नाही. वरच्या वाड्यांना जाणारे रस्ते तर नकाशात घाट म्हणून दाखवलेलेही नसतात, मात्र चढ-उतार तोच. खत, सिमेंट, जांभा, भाताची पोती, आंब्याच्या पेट्या, श्रावणात गणपतीच्या मूर्ती, हे सगळे या रस्त्यांवर पिकअपमधूनच येते-जाते. लग्नाला आणि दहाव्याला माणसेही हौद्यातच बसतात. कायद्याने ते चूक आहे. पण एसटी दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी येणाऱ्या वाडीतल्या माणसाला नुसता कायदा सांगून भागत नाही. म्हणून या गाडीची निगा हा मालकाचा खासगी खर्च आहे, असे आम्ही मानत नाही. तिच्या ब्रेकवर इतरांचेही जीव अवलंबून आहेत.

आकड्यांत बोलायचे तर महाबळेश्वरची उंची 1,350 मीटरच्या आसपास आहे आणि पोलादपूर जवळजवळ तळाला. भरलेल्या पिकअपचे एकूण वजन 3 टनांच्या घरात जाते. 3 टनांची गाडी 1,300 मीटर खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण 1 लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी भरते. यातली काही वारा आणि टायर खातात. गाडी गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन अडवून धरते. उरलेली सगळी उष्णता लायनर, ड्रम आणि डिस्कमध्ये उतरते आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, तो त्याचा गुणधर्मच आहे. डॉट 3 प्रकारचे नवे ऑइल 205 अंशांना उकळते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. चार महिने हवा ओलीचिंब असलेल्या कोकणात हे मुरणे किती लवकर होत असेल, याची कल्पना करता येईल. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही, आणि पाय पार तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. थोड्या वेळाने सगळे थंड झाले की ब्रेक पुन्हा लागू लागतात. त्यामुळे अपघातानंतर गाडी तपासणाऱ्याला दोष सापडेलच असे नाही. दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल काढून नवे भरायचे आणि चारही चाकांवरून एअर काढायची, हे काही शे रुपयांचे आणि तासाभराचे काम आहे. या भागातल्या जुन्या गाडीसाठी याहून स्वस्त आणि याहून जास्त उपयोगाची दुसरी दुरुस्ती आम्हाला दिसत नाही.

याला जोडून फॅन बेल्टचे सांगायला हवे. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखा आपसूक व्हॅक्यूम मिळत नाही. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो, आणि अल्टरनेटर फिरतो बेल्टवर. पाण्याचा पंपही अनेकदा त्याच बेल्टवर असतो. म्हणजे दोन-तीनशे रुपयांचा बेल्ट घाटात तुटला, तर चार्जिंग जाते, इंजिन तापते आणि ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. बेल्टच्या आतल्या बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या की तो पावसाआधी बदलावा आणि जुना सीटमागे ठेवून द्यावा. अल्टरनेटरच्या मागून ऑइल पाझरत असेल तर व्हॅक्यूम पंप बघून घ्यावा, पुसून सोडून देऊ नये.

उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा चक्क बंद करून डिझेल वाचवण्याची सवय अजून गेलेली नाही. बंद गाडीत व्हॅक्यूम पंपही बंद असतो. बूस्टरमधल्या शिल्लक व्हॅक्यूमवर दोन-चार वेळा ब्रेक लागतो, पुढे सगळा जोर पायाने द्यावा लागतो. आणि यात बचत तरी कुठे आहे? उतारावर गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो. त्या वेळी इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल लागतेच. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा शिरस्ता यंत्राच्या हिशेबानेही बरोबर आहे.

आता पासिंगकडे वळू. मालवाहू गाडीला पहिल्या 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. त्या तारखेआधी आठवडाभर गाडीची जी बडदास्त होते ती वर्षभरात कधी होत नाही. रंग मारला जातो, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लागतात, दिवे पेटते केले जातात. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि परत आल्यावर उतरवायचे, हा प्रकारही कुणाला नवा नाही. तपासणी निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. तिच्यामुळेच निदान वर्षातून एकदा गाडीखाली कुणीतरी वाकून बघतो. स्वयंचलित केंद्रांवर तपासणी नेण्याचे नियम केंद्राने 2021 मध्ये काढले. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, तेही चांगलेच आहे. पण तपासणी होते सपाट जागी, थंड ब्रेकवर, बहुधा रिकाम्या हौद्यावर. घाटात गाडी भरलेली, तापलेली आणि भिजलेली असते. ऑइलमध्ये किती पाणी मुरले आहे, हे रोलर सांगत नाही. पाट्यांच्या जुडग्यात सेंटर बोल्टजवळ मुख्य पाट्याला गेलेली चीर वरून दिसत नाही, त्यासाठी यू-बोल्ट सोडून पाटे सुटे करावे लागतात.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर जादा पाट्याबद्दलही लिहायला हवे. माल जास्त भरता यावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. गाडी मागून बसत नाही, म्हणजे वजन पेलते आहे, असा समज होतो. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक कंपनीने दिले तेवढेच राहतात. आधी जास्त वजन टाकले की गाडी बसायची आणि चालकाला डोळ्यांनी दिसायचे. जादा पाट्याने ती सूचनाच बंद होते. असे काम सांगायला आलेल्या गाडीवाल्याला मिस्त्रींनी नाही म्हणावे, अशी आमची स्पष्ट विनंती आहे.

पावसाआधी चासीला खालून वापरलेले इंजिन ऑइल फवारण्याची चालही इथे जुनी आहे. गंज थोडा थांबतो हे खरे. पण ते ऑइल रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या होजवर बसते, रबर फुगते, मऊ पडते. पहिल्याच पावसात उरलेले ऑइल धुऊन ओढ्यात आणि ओढ्यातून सावित्रीत जाते. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. गंजासाठी चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड लावावा. शॅकल पिना आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. पाण्यातून गाडी गेली की हे ग्रीसिंग पुन्हा करायचे असते, आणि हीच गोष्ट नेमकी राहून जाते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा एक स्क्रू असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे आणि दोन मिनिटे थांबावे. पाणी डिझेलपेक्षा जड. तळाशी त्याचा स्वच्छ थर दिसतो, वर पिवळसर डिझेल राहते. थर दिसेनासा होईपर्यंत सोडत राहायचे, मग स्क्रू आवळून हातपंपाने एअर काढायची. एवढे केले नाही तर तेच पाणी पंपात आणि नोझलमध्ये जाते, आणि तिथले काम काही हजारांच्या खाली होत नाही. घाटात काळा धूर सोडणाऱ्या गाडीचेही तसेच. थेट पंप खोलायला नेण्याआधी एअर फिल्टर काढून बघावा. महामार्गाच्या कामाच्या धुळीने तो भरलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

महाडमध्ये पुराबद्दल लिहिल्याशिवाय गाडीच्या निगेबद्दल लिहिणे अपुरे आहे. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. सावित्री तिथेच उगम पावते. गांधारीचे पाणी तिला महाडजवळ मिळते, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर फुगवटा ओसरत नाही. त्या पुरात शहराचे तळमजले बुडाले, तळियेत दरड कोसळली, आणि उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर अशा गाडीचा मालक पहिल्यांदा करतो ते म्हणजे सेल्फ मारून बघणे. नेमके तेच करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडावी. डिपस्टिक काढून बघावी, ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे हे नक्की. नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडते. टाकी रिकामी करावी, फिल्टर बदलावेत, इंजिनाचे ऑइल थोड्या चालण्यानंतर दुसऱ्यांदा बदलावे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला श्वास घ्यायची नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरते, म्हणून तिथलेही ऑइल काढायचे. जुन्या गाडीला बहुधा थर्ड पार्टी विमाच असतो, त्यामुळे हा सगळा भार मालकाच्या खिशावर पडतो.

मेकॅनिकल पंपाची जुनी गाडी असल्या प्रसंगातून गावच्या मिस्त्रीच्या हाताने पुन्हा उभी राहू शकते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांत कंट्रोल युनिट, सेन्सर आणि त्यांचे वायरिंग भिजले की स्कॅनर आणि नवे भाग लागतात. नव्या गाडीचा धूर कितीतरी स्वच्छ आहे, तिचे ब्रेकही चांगले आहेत, आणि ज्याला हप्ता झेपतो त्याने ती घ्यावी. पण ज्याचे भाडे हंगामापुरते आहे तो जुनीच गाडी चालवणार. त्याला ती नीट राखता यावी, एवढीच व्यवस्था आपण मागत आहोत.

ती व्यवस्था अवघड नाही. परिवहन खात्याला तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवण्याची सवय आहे. तसे एक शिबिर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात महाडला आणि एक पोलादपूरला, दंडाच्या धाकाशिवाय, फक्त ब्रेक, पाटे आणि टायर बघण्यासाठी घ्यावे. ब्रेक ऑइलमधला ओलावा दाखवणारे पेनाएवढे यंत्र मिळते, ते तिथे असावे. मेकॅनिक डिझेलचा एका वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्या आयटीआयच्या मुलांना या शिबिरात हात काळे करू द्यावेत. गॅरेजांतले वापरलेले ऑइल उचलणारी गाडी नगरपालिकेने महिन्यातून एकदा फिरवावी. पुराच्या पंचनाम्यात गॅरेजवाल्याची हत्यारे आणि कंप्रेसर धरले जावेत, कारण पाणी ओसरल्यावर बाजार पुन्हा सुरू करणाऱ्या गाड्या त्याच्याच दारात उभ्या राहतात.

बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांकडेही एक मागणे आहे. जादा भाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे, आणि कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही येतो. एका फेरीत दोन फेऱ्यांचे सिमेंट किंवा खत चढवा, असे सांगणारा बहुतेक वेळा मालाचा धनीच असतो. माल चढवताना चिठ्ठीवर पोत्यांच्या आकड्याशेजारी वजन लिहावे, आणि गाडीच्या आरसी बुकातल्या मर्यादेपुढे गेले की उरलेला माल दुसऱ्या फेरीला ठेवून त्या फेरीचे भाडे द्यावे. हे येत्या जूनपासूनच सुरू करता येईल.