प्रयोगाचे उंदीर?

कॅन्सर पसरलेल्या रुग्णापुढे नव्या औषधाच्या चाचणीचा विषय निघाला की सोलापुरात घरचं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘आमच्या माणसाला प्रयोगाचा उंदीर करू नका.’ हा आक्षेप मायेपोटी येतो आणि त्याला आधारही आहे. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यातला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लसीचा उपक्रम थांबवावा लागला. आश्रमशाळांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. तो अन्यायच होता. पण त्यावरून अशी संमती नको, एवढंच ठरतं. चाचणीच नको, हे ठरत नाही.

चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषध किती सोसवतं ते पाहतात. रूढ पद्धत अशी: तिघांना कमी डोस, कुणालाच गंभीर त्रास नाही, तर पुढच्या तिघांना थोडा जास्त, एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे, दोघांना झाला की वाढ थांबली. शिवाय रुग्ण कोणत्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडू शकतो. उंदराला ही मुभा कुठली?

‘पण फायदा शून्य,’ हेही खरं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या अशा चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. उपचाराला प्रतिसाद देणारे रुग्ण २०००-०५ मध्ये ९.६ टक्के होते, २०१३-१९ मध्ये १८ टक्के. एकूण काळात उपचारामुळे झालेले मृत्यू ०.७ टक्के. म्हणजे अजूनही पाचातल्या चौघांना प्रतिसाद मिळत नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. बरं करण्याची हमी देणारा फसवतो.

‘परदेशात होऊ द्या, तयार औषध आपण घेऊ,’ हे मला सर्वांत खटकतं. रक्ताच्या एका कॅन्सरमधल्या बिघडलेल्या प्रथिनालाच अडवणारं इमॅटिनिब १९९८ मध्ये, तेव्हाचं रूढ औषध इंटरफेरॉन लागू न पडलेल्या रुग्णांना प्रथम दिलं गेलं. रोज ३०० मिलिग्रॅम वा जास्त घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. इतकं यश विरळाच. त्याची स्वस्त देशी गोळी आपण घेतो ती त्या अनोळखी माणसांच्या जिवावर. मग आपली पाळी आली की हात आखडायचा? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची ‘नेक्सकार१९’ पेशी-उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, कारण इथले रुग्ण चाचणीत उतरले.

म्हणून सोलापूरने नकाराऐवजी अटी घालाव्यात. शहराच्या पूर्वभागात विड्या वळणारी बाई घरात तेलुगू बोलते. तिला मराठी किंवा इंग्रजी फॉर्म वाचून दाखवणं ही संमती नव्हे. फॉर्म तेलुगू, कन्नड, उर्दूतही हवा. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती ध्वनिचित्रमुद्रित करणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या मुद्रणात तिचे प्रश्न ऐकू आले पाहिजेत. चाचणी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात असेल, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट, सोबतच्या माणसाचा मुक्काम आणि दोघांची बुडालेली मजुरी हा चाचणीचाच खर्च धरावा, आणि तो प्रायोजकाने दर खेपेला हातात द्यावा.