बाकावरचे पाच

कबड्डीच्या संघपत्रकावर बारा नावे असतात. सात मैदानात उतरतात, पाच कडेला बसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीसारख्या कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात मात्र हे पाच बहुतेक वेळा कागदापुरतेच असतात. आठवे नाव खऱ्या खेळाडूचे. नववे तुरीच्या राशीवर अडकलेल्या पोराचे, दहावे सोलापूरला शिकायला गेलेल्याचे, अकरावे-बारावे रकाना रिकामा राहू नये म्हणून. जत्रेतल्या स्पर्धेत दोन सामने निघतात. तिसऱ्यात डाव्या कोपऱ्यातला गडी घोटा धरून खाली बसतो. कन्नड आणि मराठीत एकदमच आरडाओरडा होतो, कोणी पाणी आणतो, कोणी क्रेप बँडेज. पाच मिनिटांनी तोच गडी लंगडत पुन्हा रेषेच्या आत येतो आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्या त्याच्या जिद्दीला असतात हे खरे. पण तो परत आला, कारण त्याच्या जागी उभे राहणारे कोणी नव्हते, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

दुखापत कबड्डीत नवी नाही. हा खेळच अंगाला अंग भिडवण्याचा. घोट्याची पकड झाली की चढाईपटूचे पाऊल जमिनीला खिळते आणि धड मध्यरेषेकडे झेपावते; या दोन्हींच्या मधला गुडघा पिळला जातो. उडी मारणारा खांद्यावर पडतो. साखळीतले दोघे एकमेकांवर आदळतात. म्हणून दुखापत होणारच हे धरून संघ बांधायचा असतो. आमच्याकडे तो दुखापत होणारच नाही असे धरून बांधला जातो.

त्यातही एका प्रकारच्या खेळाडूची दुखापत संघाला सगळ्यांत महाग पडते, आणि त्याच्याकडे गावाचे लक्ष सगळ्यांत कमी असते. चढाईपटूचे गुण फलकावर दिसतात. कोपरारक्षकाने धरलेला घोटा सगळ्या मैदानाला दिसतो. पण जो चढाईला जातो, परत येऊन कोपरा किंवा कव्हर सांभाळतो, आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी निर्णायक चढाई अंगावर आली तर तीही करतो, त्या अष्टपैलू गड्याला बदली गडी तयार करावा हे कोणाच्या डोक्यात येत नाही. तो बाहेर गेला की एक माणूस कमी झाला असे वाटते. प्रत्यक्षात दोन कमी झालेले असतात.

पुणेरी पलटणची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात या संघाकडे असे तीन दुहेरी खेळाडू होते: अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि 2 कोटी 35 लाखांना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलू. साखळी फेरीतल्या 22 सामन्यांत पलटण फक्त दोन हरली आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिल्यांदा विजेती झाली. पुढच्या हंगामाआधीच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला. हंगामाच्या मध्यावर अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. गतविजेता संघ आठव्या क्रमांकावर राहिला, बाद फेरीत जाणाऱ्या पहिल्या सहांत आलाच नाही. 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यात बालेवाडीला अंतिम सामना झाला, त्यात हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवले, आणि विजेत्यांच्या रांगेत शादलू होता.

एका गुडघ्याने हंगाम गेला असे आम्ही म्हणणार नाही. कबड्डीत पराभवाला दहा कारणे असतात. पण मैदानावर काय घडते ते पाहा. अस्लमसारखा खेळाडू नसला की प्रशिक्षकापुढे दोनच वाटा राहतात. त्याच्या जागी निव्वळ चढाईपटू उतरवला तर बचावाच्या साखळीत एक कच्चा दुवा येतो, आणि समोरचा चढाईपटू पहिल्या दोन चढायांतच तो ओळखतो. मग प्रत्येक बोनस त्याच बाजूने, प्रत्येक हातस्पर्श त्याच बाजूने. निव्वळ बचावपटू उतरवला तर चढाईचा सगळा भार उरलेल्या दोघांवर पडतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात त्यांचा दम पंचविसाव्या मिनिटालाच उतरू लागतो, तिसरी चढाई कोण करणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच कळते आणि तो त्याच्यासाठी सापळा लावून बसतो. संघ काय करणार आहे हे समोरच्याला आधी कळणे, हेच खरे नुकसान.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळतात त्या खेळात, नेमकी हीच जागा ‘टाइट एंड’ची आहे. तो आक्रमणाच्या भिंतीच्या टोकाला उभा राहतो. एका डावात तो समोरच्या धिप्पाड बचावपटूला अंगाने थोपवतो, दुसऱ्या डावात निसटून पुढे पळतो आणि चेंडू झेलतो. तो यातले काय करणार हे समोरच्याला कळत नाही, त्यातच त्याची किंमत. असे दोन तगडे गडी असले तर एकाच रचनेतून धावही घेता येते आणि फेकही करता येते. दोघांपैकी एक जायबंदी झाला आणि मागे फक्त थोपवणाराच उरला, तर तो उतरला की बचाव धावेसाठी दाटी करतो. मागे फक्त झेलणाराच उरला, तर भिंतीचे टोक उघडे पडते आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर हल्ला होतो. संघाच्या डावपेचांची वही तीच, पण तिच्यातली निम्मी पाने वापरता येत नाहीत.

न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने हे ओळखले होते. रॉब ग्रोन्काउस्की हा त्यांचा टाइट एंड त्या काळातला सर्वोत्तम गणला जाई, पण त्याच्या अंगावर दुखापतींचा इतिहासही होता. 2016 च्या मार्चमध्येच त्यांनी शिकागोकडून मार्टेलस बेनेट हा दुसरा पहिल्या प्रतीचा टाइट एंड आणला. डिसेंबरमध्ये ग्रोन्काउस्कीच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा हंगाम संपला. 5 फेब्रुवारी 2017 च्या अंतिम सामन्यात हा संघ 3-28 असा मागे होता. तिथून बरोबरी साधून त्याने जादा वेळेत 34-28 असा विजय मिळवला. शेवटच्या हल्ल्यात चेंडू फेकला गेला तो बेनेटकडेच. त्याला अडवताना बचावपटूने नियम मोडला, चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर आला आणि थोड्याच वेळात एका धावेने सामना संपला. ज्याला मार्चमध्ये आणून ठेवले होते, तो फेब्रुवारीत उभा होता.

आपल्याकडेही, बदली गडी तयार असल्याचे आणि नसल्याचे, अशी दोन्ही चित्रे आहेत, आणि ती एका वर्षाच्या अंतरावर दिसली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई म्हणजे राक्षसी ताकदीचा चढाईपटू; 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले होते. 2021-22 च्या आठव्या हंगामात पहिल्या काही सामन्यांतच त्याचा खांदा गेला. त्याच्या मागे जी पोरे उभी राहिली ती जीव तोडून खेळली, पण तो भार पेलण्याची तयारी त्यांच्याकडून आधी कधी करून घेतलेली नव्हती. 22 सामन्यांत टायटन्सला एकच विजय मिळाला. पुढच्या, 2022 च्या हंगामात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 26 लाख मोजले आणि पहिल्याच सामन्यात, पूर्वार्धातच, त्याला गुडघा धरून बाहेर न्यावे लागले. त्याचा हंगाम तिथेच संपला. तरी हा संघ इतिहासात पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला, कारण नरेंदर हा पहिलाच हंगाम खेळणारा पोरगा मागे तयार होता आणि बचाव तरुण पण एकजीव होता. त्या उपांत्य सामन्यात त्यांची गाठ पडली पुणेरी पलटणशी, आणि पलटणचेही अस्लम आणि मोहित दुखापतीने बाहेर होते. पंकज मोहितेने 16 गुण आणले, पलटण 39-37 अशी निसटली. दोन्ही बाजूंचे मोठे खेळाडू बाहेर, आणि सामना शेवटच्या मिनिटापर्यंत बाकावरच्यांनी जिवंत ठेवला. ज्याने तो पाहिला असेल त्याला राखीव खेळाडू म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे कोट्यवधींच्या लीगचे, त्याचा दुधनीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि दुधनीला तो जास्त जाचतो. लीगमधल्या खेळाडूला दुखापत झाली की पाच मिनिटांत फिजिओ, पाच तासांत एमआरआय, पाच दिवसांत शस्त्रक्रियेचा निर्णय. आमच्या पोराला मैदानावर बर्फ हवा असेल तर कोणीतरी थंड पेयांच्या दुकानाकडे पळतो. हाडवैद्य आधी, क्ष-किरण मागाहून. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आहे की नुसता ताणला आहे हे क्ष-किरणात दिसत नाही. त्यासाठी अक्कलकोट ओलांडून सोलापूर गाठावे लागते, मजुरीचा दिवस बुडवून. सूज आठ-दहा दिवसांत उतरते, चालता येऊ लागते, आणि पोरगा बरा झाला असे घरही समजते, संघही. मग तो पुन्हा उतरतो, पहिल्या उडीला गुडघा निसटतो आणि या वेळी गुडघ्यातली गादीही फाटते. गुडघ्यातल्या पुढच्या अस्थिबंधाची (एसीएल) शस्त्रक्रिया झाली तर परत मैदानात यायला किमान नऊ महिने धरायचे असतात. नऊ महिने म्हणजे एका गावच्या संघाचा अख्खा हंगाम. शेतात राबणाऱ्या पोरासाठी तो घराच्या कमाईचाही प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला सलते. आमची पोरे वर्षभर मातीवर, अनवाणी खेळतात. जिल्हा निवड किंवा राज्य स्पर्धा आली की एकदम मॅट आणि पायांत बूट. मातीवर पाय थोडा सरकतो आणि झटका तिथेच विरतो. मॅटवर बूट जागच्या जागी धरून ठेवतो आणि तोच झटका गुडघ्याला बसतो. ज्याने मॅट पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशीच पाहिली, त्याच्याकडून पहिल्या चढाईत पूर्ण जोर मागणे अन्यायाचे आहे. एक मॅट तालुक्यात कायमची असावी आणि ती अक्कलकोटबरोबर दुधनी, मैंदर्गीलाही पाळीपाळीने मिळावी, एवढी तरी मागणी क्रीडा खात्याने आणि नगरपरिषदांनी मनावर घ्यावी. दहीहंडीच्या थरांवर चढणाऱ्या गोविंदांचा विमा शासनाने उतरवला, ते योग्यच झाले. जत्रेतल्या नोंदणीकृत स्पर्धेत उतरणाऱ्या कबड्डीपटूलाही तेच कवच हवे. त्याचा गुडघाही तितकाच खरा आहे.

पण सगळेच सरकारवर टाकता येणार नाही. आठवा, नववा, दहावा गडी घडवणे हे गावच्या कबड्डी मंडळाचेच काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. सरावात रोज तेच सात एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला, ही पद्धत मोडावी लागेल. राखीव पोराला पहिल्या संघाच्या साखळीत उभे करा. शेजारच्या गड्याचा हात कधी ताणतो, कधी सैल पडतो, हे त्याच्या मनगटाला कळू द्या. साखळी डोळ्यांनी शिकता येत नाही. चढाई करणाऱ्या पोराला आठवड्यातले दोन दिवस फक्त कोपऱ्यात खेळवा, कोपऱ्यातल्याला चढाईला पाठवा. पहिल्या फेरीच्या सामन्यात दहा गुणांची आघाडी झाली की मुख्य गडी आणखी वीस गुण मिळवत राहतो आणि पोरे शिट्ट्या मारतात. त्याच वेळी त्याला बाहेर घ्या आणि बाराव्या नावाला आत पाठवा. बक्षिसे वाटताना उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांच्याबरोबर एक ट्रॉफी राखीव खेळाडूसाठी ठेवा. गावातले दुकानदार, अडते दरवर्षी ट्रॉफ्या देतातच. त्यात एक वाढवायला कोणी नाही म्हणणार नाही.

आणि जो लंगडत परत येतो त्याच्यासाठी टाळ्या वाजवणे आपण थांबवू या. त्याला दोघांनी धरून बाजूला बसवा, पाय पोत्यावर उंच करा, बर्फ लावा. पंचांकडे हात करून बदली मागा. कडेला बसलेला पोरगा तोपर्यंत शर्ट काढून उभा राहिलेला असेल, त्याला आत सोडा.