दहा अक्षरांचा फराळ

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला एक जुना नियम आहे. पहिली चकली कोणालाही मिळते. पुढचे सारे कमवावे लागते. पाटीवर इंग्रजीत गावाचे नाव लिहायचे आणि त्यातल्या अक्षरांतून होईल तितका लांब इंग्रजी शब्द शोधायचा. एखादे अक्षर नावात जितक्या वेळा असेल, तितक्याच वेळा वापरायचे. पाच अक्षरांना चकली, सहांना करंजी, सातांना अनारसा. आठांना काय, हे मात्र कधी ठरले नव्हते. कारण तसा शब्द कोणाला सापडलाच नव्हता!

हा नियम कसा निघाला, ते सांगतो.

१९५४ सालची गोष्ट. नगरला माळीवाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून. विडी नाही, सुपारी नाही. व्यसन एकच, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा! त्या काळी अनेक पांढरपेशा घरांना या स्पर्धांनी पछाडले होते. कूपन भरायचे, फीची पोस्टल ऑर्डर लावायची आणि मोठ्या बक्षिसाची वाट पाहत बसायचे.

यात शब्दकोड्याचा दोष नव्हता. १९१३ साली आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिले कोडे दिले, ते रविवारची करमणूक म्हणून. पण स्पर्धेतल्या कोड्यांची गोम निराळी होती. समजा, सूचना आहे ‘याने संसारात कटकट होते’. शब्दाची शेवटची तीन अक्षरे ए-टी-ई छापलेलीच आहेत. पहिले आपण भरायचे. आता ‘हेट’ म्हणजे द्वेष भरावा, की ‘फेट’ म्हणजे नशीब, की ‘लेट’ म्हणजे उशीर? तिन्ही बसतात! खरे कोणते, ते आधीच बंद केलेल्या पाकिटात. अण्णा तिन्ही कूपने भरीत आणि तिन्हींची फी भरीत.

त्या वर्षी वसुबारसेला आईच्या हातांत पाटल्या दिसल्या नाहीत. मी दहा वर्षांचा होतो. विचारले, तर म्हणाली, “उजळायला दिल्यात.” रात्री झोपेचे सोंग घेऊन मी खरे काय ते ऐकले.

“अहो, त्या कोड्यात विद्या लागत असती, तर मी बोलले नसते,” आई हळू आवाजात म्हणत होती. “पण उत्तर आधीच पाकिटात बंद. मग तुमच्या इंग्रजीचा उपयोग काय?”

अण्णा काहीच बोलले नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे मात्र आमचा बंब कूपनांच्या गठ्ठ्यावर पेटला. नवे कपडे नव्हते, फटाके नव्हते. आम्ही भावंडे हिरमुसून बसलो होतो. अण्णांनी माझी पाटी ओढली आणि दहा अक्षरे लिहिली: ए, एच, एम, ई, डी, एन, ए, जी, ए, आर. अहमदनगर! शेजारी जुन्या बाजारातून आणलेला इंग्रजी कोश ठेवला.

“कोशात असेल तो शब्द खरा,” ते म्हणाले. “फी नाही, पाकीट नाही.”

मग त्यांनी युक्ती शिकवली. आधी शब्दाची शेपटी पकडायची. ई-डी बाजूला काढा, की उरलेल्यांतून ‘मॅनेज्ड’ निघतो. ई-आर काढा, की ‘मॅनेजर’. शेपटी धरली, की धड आपोआप बाहेर येते. दुपारपर्यंत ‘गार्डन’ निघाले, ‘डेंजर’ निघाले, विमान ठेवायचे ‘हँगर’ निघाले आणि गावचा पाटील, म्हणजे ‘हेडमन’सुद्धा त्याच दहा अक्षरांत सापडला. फराळाचा डबा रिकामा झाला, पण आठ अक्षरी शब्द काही मिळाला नाही.

१९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला हजार रुपयांहून जास्त बक्षीस नको आणि दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नकोत, असे बंधन आले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. नशिबावर चालते ती स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगार हा काही व्यापार नव्हे! अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, “कोर्टाला इतकी वर्षं लागली. तुझ्या आईनं एका रात्रीत निकाल दिला होता.” त्याच सुमारास एक पाटली सावकाराकडून सुटली. दुसरी कधीच आली नाही.

२०२४ साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ सालचा, आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. यंदा आठवीतल्या नातीने हट्टाने नवे नाव पाटीवर लिहिले. अक्षरे अकरा झाली, पण ई गेले आणि आमच्या दोन्ही शेपट्याही गेल्या! पोरीने एल-वायची नवी शेपटी शोधली आणि ‘अँग्रिली’ काढून दाखवला. पाठोपाठ ‘घरियाल’, म्हणजे उत्तरेच्या नद्यांतली लांब तोंडाची सुसर. हा शब्द इंग्रजांनी आपल्या हिंदीतूनच उचलला आहे. दोन्ही सात अक्षरी. दोन अनारसे गेले.

मग म्हणाली, “आजोबा, आता तुमचं जुनं नाव.” पाटी घेऊन कोपऱ्यात बसली. तासाभराने ओरडली, “आठ!”

जी, आर, ए, एन, डी, ए, एम, ई. ‘ग्रँडेम’. मी चष्मा लावून कोश उघडला. ‘ग्रँडॅम’ या जुन्या शब्दाचेच हे दुसरे स्पेलिंग. अर्थ: आजी, वयोवृद्ध स्त्री.

मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिलो. अण्णांनी जन्मभर शोधलेला शब्द तो हाच.

“आठांना काय द्यायचं हो?” सौ. ने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती आत गेली. आईची ती एकुलती पाटली आणून तिने नातीच्या हातात घातली.

“आजी, सैल होतेय,” नात म्हणाली.

“असू दे,” सौ. म्हणाली, “हात भरेल हळूहळू.”